कात्रणाची मागची बाजू

पहिल्या दिवशी नेवासकर मॅडमनी
एक कात्री दिली, एक स्टीलची फूटपट्टी,
आणि म्हणाल्या, जनसंपर्क इथून सुरू होतो.
मला वाटलं होतं फोन असेल.
निदान खुर्ची.

पलासिया, तिसरा मजला, सहा आठवडे,
कॉलेजच्या फॉर्मवर रोज एक सही.
साडेआठला सात पेपर येत,
सहा हिंदी, एक इंग्रजी.
मराठी मी घरून आणायचे, तोंडातल्या तोंडात,
आणि जिन्यातच गिळून टाकायचे.
रामबागेतली आत्या विचारायची,
पी.आर. म्हणजे नेमकं करता काय गं तुम्ही?
कापतो, मी म्हणायचे. मापतो.

क्लायंटची बातमी शोधायची,
किती सेंटिमीटर उंच, किती कॉलम रुंद,
गुणिले त्या पानाचा जाहिरातीचा दर.
डोळ्यांच्या हॉस्पिटलचं मोफत शिबिर:
अकरा बाय तीन, फोटोसकट,
म्हणजे एक लाख बत्तीस हजारांची जागा
फुकटात.
दुबे सर खूश झाले की टेबलावर दोनदा बोट वाजवत.
त्यांनी वाजवलं.

त्या शिबिरात मीही होते, बॅनरचं डावं टोक धरून.
एका म्हाताऱ्याने मला विचारलं होतं,
चष्मा आज मिळेल की परत यायचं?
मला माहीत नव्हतं.
ते कुठे छापून आलं नाही, त्यामुळे मापलंही नाही.

डिंक लावायला कात्रण पालथं केलं
तर मागे एक माणूस. अर्धा.
एक डोळा, एक कान, मफलरचं एक टोक.
वर 'गुमशु'.
खाली 'उम्र ६', पुढे माझी कात्री.
'किसी को दिखें तो कृपया'
आणि कृपयाच्या पलीकडे
पांढरं टेबल.

उरलेला अर्धा मी सकाळीच टाकला होता
निळ्या डब्यात. सुका कचरा.
या गावात कचरा चुकत नाही.
जिना उतरेपर्यंत गाडी गाणं वाजवत
गीता भवनाकडे वळलेलीसुद्धा.

धावायची गरज नव्हती, हे नंतर सुचलं.
चौकात तोच पेपर पाच रुपयांना मिळाला.
पान अकरा. माणूस पूर्ण, नंबरासकट,
आणि त्याच्या पाठीमागे, उजेडात धरलं तर,
आमची बातमी, उलट्या अक्षरांत.

फोन कसा करायचा ते मॅडमनी शिकवलं होतं:
आधी नाव, मग संस्था, मग कारण.
तिकडून एका बाईने उचलला आणि
मी नावापर्यंतही पोचले नव्हते.
मिल गए क्या?

नाही, म्हटलं. मी फक्त...
फक्त काय, ते मला अजून नीट लिहिता आलेलं नाही,
आणि लिहिणं हाच माझा कोर्स आहे.
ती थांबून राहिली.
मग म्हणाली, फोटो ठीक आया है ना?
सातशे रुपये लागले त्याचे.
आणखी एकदा द्यायचा का, तुम्हीच सांगा,
तुम्ही पेपरवाल्या ना.

मी पेपरवाली नाही.
त्या दुपारी मापून पाहिलं: चार बाय एक.
सरांच्या हिशेबाने सोळा हजार.
तिला हे कळवावं असं क्षणभर वाटलं,
म्हणजे बघा, सहा आठवड्यांत
कुठवर शिकले होते मी.

ते कात्रण चिकटवलं नाही.
वरच्या कडेला एकच स्टेपल मारला,
उलटता येईल असं.
सरांनी विचारलं, हे असं लोंबतं का ठेवलंय?
म्हटलं, डिंक संपला.
ते म्हणाले, मागवून घे.

मागवला.