मूस

ओजसचा फोन आला तेव्हा
मी घंगाळाच्या बुडाचा पोचा काढत होतो.
"काका, मूस मारायला बोलावलंय मला,"
स्वीडनहून म्हणाला.
आमच्या तांबट आळीत मूस म्हणजे
जिच्यात तांबं वितळतं ती मातीची कुपी.
ती कशाला मारायची?
चार-सहा ओतांनंतर आपणच तडकते.

मग त्यानं फोटो पाठवला.
उंटाएवढं काहीतरी, दलदलीत गुडघाभर,
ओठ लोंबलेला, झोपेतून उठवल्यासारखा,
आणि डोक्याच्या दोन्ही अंगांना दोन सुपं,
पाखडून झाल्यावर तशीच राहिलेली.
"पाचशे किलो भरतो, काका. कुठली रायफल घेऊ?
तुम्ही आर्मरर होतात ना."

होतो.
देवळालीला, आणि मध्ये सात वर्षं वर पहाडात.
उघडल्या, पुसल्या, जोडल्या
आणि दुसऱ्याच्या हातात दिल्या.
तरी विचारलंस तर सांगतो.

शेजारी म्हणतो, सहा पॉइंट पाच पुरे,
त्याच्या आजोबांनी तिनंच मारले.
त्याचे आजोबा तू नाहीस.
सासरा म्हणतो, नऊ पॉइंट तीन घे.
सासऱ्याचा खांदा मी लग्नात पाहिलाय,
दाराची चौकट आहे ती.
तुला पहिली लाथ बसली
की दुसऱ्या वेळी तू डोळे मिटशील,
आणि मिटल्या डोळ्यांच्या मोठ्या गोळीइतकं
वाईट काही नाही.
थर्टी-नॉट-सिक्स घे. मधली आहे.
उन्हाळाभर कागदावर मार, खांदा सरावू दे.

पण कॅलिबर म्हणजे नुसतं भांड्याचं तोंड.
किती मावेल ते पोट ठरवतं.
गोळी बघून घे.
पातळ सालीची, आत शिसं भरलेली हलकी गोळी
खांद्याच्या हाडावर आपटून चिवड्यासारखी उधळते,
जनावर जातं तीन पायांवर, मैलभर.
सबंध तांब्याची घे, एकशे पासष्ट ग्रेन.
आत शिरल्यावर चार पाकळ्या उलगडते
आणि वजन सोडत नाही.
तांब्याचा स्वभाव मला ठाऊक आहे,
ते पटकन तुटत नाही, आधी फाकतं.

"आणि लष्करी गोळी? ती स्वस्त पडते म्हणे."

हातोडी उचलली होती, ती खाली ठेवली.

पहाडात एका खेचराचा पाय मोडला,
तोफेचं चाक पाठीवर असताना.
जनावरांचा डॉक्टर दोन दिवसांच्या वाटेवर.
सुभेदार म्हणाले, तांबट, तू बंदुका जाणतोस.
कपाळावर नेम धरायचा असतो, हे मला माहीत होतं.
पण ते माझ्याकडे बघत होतं,
रोज गूळ देणाऱ्याकडे बघावं तसं.
म्हणून मी बाजूला गेलो
आणि बरगडीवर मारली.
लष्करी गोळी, टणक कवचाची,
गोणपाटातून दाभण जावा तशी आरपार गेली.
पलीकडच्या दगडाची खपली उडाली.
खेचर उभंच.
मान वळवून त्यानं पोटाकडे पाहिलं,
माशी बसलीय का ते बघावं तसं.
खिशात दुसरं काडतूस नव्हतं.
तंबूपर्यंत जाऊन यायला किती वेळ लागला
ते मी कधी मोजलं नाही.
खुरावरचा नंबर अजून पाठ आहे.

"काका? आवाज येतोय ना?"
"येतोय. ती नको घेऊस," म्हटलं.
"उलगडत नाही ती."
मग उरलेलं सांगितलं: जवळ जा.
आडवं उभं असेल तरच.
पुढच्या पायाच्या लगेच मागे,
छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात.
लागल्यावरही ते उभं राहील,
नेम चुकला असं वाटेल, वाटू दे,
बोल्ट ओढ आणि पुन्हा नेम धर.

घंगाळात पाणी भरून उन्हात ठेवलं.
बुडाशी एक थेंब धरला होता,
पुसला, परत धरला.

रात्री त्याचा मेसेज:
इथे एकशे ऐंशी ग्रेनच मिळतेय, तांब्याचीच. चालेल?
चालेल, लिहिलं.
मग बऱ्याच वेळानं त्याखाली:
खिशात जास्तीची ठेव.
हाताला लागेल अशी.