नोंदवही

डॉक्टर बाई म्हणाल्या, नुसता आकडा नको,
त्याआधी काय झालं तेही लिहा.

सोमवार. एकशे अठ्ठावन्न.
धाकट्याचा फोन, कळव्याच्या खोलीवरून.
बुधवार. एकशे बासष्ट.
फोन आला नाही.

मग ते श्वासाचं: चार मोजत आत,
सहा मोजत बाहेर.
उपवनच्या कट्ट्यावर बसतो रोज,
पाचावर अडकतो:
खोलीचे हिस्से दोन, की तीन?

काल हेमलता म्हणाली, चला, जाऊन येऊ.
गेलो. त्याने चहा टाकला.
टीव्हीशेजारी तेच यंत्र, तोच निळा पट्टा.
आईचं एवढं तरी
सारखं वाटलं गेलंय.

त्याने माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला,
मग मी त्याच्या.
खोलीचा विषय कोणीच काढला नाही.

आकडा
लिहायचा राहिला.