उंचीच्या रेषा

रात्री अकराला, महाप्याच्या ऑफिसात,
मी स्वीडन उघडते.
हेर्येदालेन. डोंगरी परगणा,
माणसं जेमतेम दहा हजार.
आमच्या घणसोलीच्या एका कोपऱ्यात मावतील,
गच्चीवर अस्वलांनाही जागा उरेल.

जुन्या कागदावरच्या उंचीच्या रेषा
पडद्यावर गिरवायच्या, एवढंच काम.
हेलाग्सच्या हिमनदीपर्यंत माऊसनं चढते,
तासभर वाटेत घर लागत नाही.
मग एखादा उन्हाळी गोठा,
त्यालासुद्धा नाव.

सोळाशे पंचेचाळीस साली तह झाला,
मुलूख नॉर्वेकडून स्वीडनला गेला.
निजले एका राजाचे, उठले दुसऱ्याचे.
गाई त्याच, बर्फ तोच,
आणि कर गोळा करणारा नवा.
कुणी विचारलं असेल त्यांना?
नकाशात तशी खूण नसते.

माझा बाप पोशा मढवी.
भरती चढायच्या आत
उघाडीची फळी पाडायला धावायचा,
गुडघाभर चिखलात.
त्याच्या खाजणाला नावं होती:
मोठं खाचर, बगळ्याची कोंड, आजीचा तुकडा.
नोटीस आली तिच्यावर नुसते सर्व्हे नंबर.
साडेबारा टक्क्यांचा कागद
अजून पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्यांसोबत.

सकाळी सातला घरी येते.
तो ओट्यावर, मिसरी लावत.
रोज विचारतो, काल कुठं होतीस.
डोंगर, तळी, नद्या, सांगते मी,
मैलोन्‌मैल कुणी नाही.

"पानी खारा का गोरा?"
गोडं, बाबा. सगळं गोडं.

तो चूळ भरतो,
वेळ घेतो.

"मंग मानसा का नाय?"