दुसऱ्या अंकात

रविवार, दुपारचा प्रयोग. तलावपाळीला ऊन,
आत निम्म्या खुर्च्या रिकाम्या.
साठीचा नायक, पंचविशीचा फेटा,
ऑर्गनवर मान वाकवून देवस्थळीमास्तर.

ऐन अंतऱ्यात
माईक मेला.

तो थांबला नाही.
आवाज लहान झाला. माणसाएवढा.
मधला श्वास ऐकू आला,
वरच्या षड्जाकडे जाताना
गुडघ्यावर हात ठेवून जिना चढणारा.
वेफर्सची पिशवी कुणीतरी मुठीत मिटली.
एसीच्या घरघरीचाही राग आला मला.

मग खरखर. स्पीकर पुन्हा जागे.
पद संपलं, टाळ्या पडल्या, पडायच्या तेवढ्या.
आणि एम रांगेतल्या टिपणीसकाकू,
ज्या रिक्षालासुद्धा मोठ्यानं हाक मारत नाहीत,
पर्स छातीशी धरून उभ्या राहिल्या:
"वन्समोर.
पण तो बंद करून."