कृपया पुन्हा प्रयत्न करा

सकाळी साडेसात. वेंगुर्ल्यात, मठाच्या रस्त्याला,
काजू कारखान्याच्या दारातलं यंत्र
गोड बाईच्या आवाजात म्हणतं :
कृपया पुन्हा प्रयत्न करा.

रुक्मिण पदराला अंगठा पुसते. पुन्हा ठेवते.
कृपया पुन्हा.
कपाळावर घासते, तेलकट करून बघते.
कृपया.
मागे अठ्ठावीस जणी, हातात पेजेचे डबे.
"माजो आंगठो खंय गेलो?" ती यंत्रालाच विचारते.
"चिकान खाल्ल्यान," मागून जयवंती,
आणि रांग हसते.

मी हजेरी कारकून. मी हसत नाही.
माझा ठसा पहिल्याच खेपेला उमटतो.
मी दिवसभर फक्त कागद सोलतो.

आत त्या पायाने पट्टी दाबतात, हाताने बी धरतात,
टरफल फुटतं, चीक उडतो,
बोटांना राख, राखेवर चीक, चिकावर पुन्हा राख.
अख्खा गर निघाला तर भाव,
पाकळी झाली तर कमी,
तुकडा झाला तर बोलणी.
बोटं किलोवर मोजली जात नाहीत.

शिमगा झाल्यावर रत्नागिरीहून एक गृहस्थ आले.
पडद्यावर 'संवाद' असं मोठं लिहून
दीड तास एकटेच बोलले.
जाताना भिंतीवर पेटी ठोकून गेले :
तुमच्या सूचना आमच्यासाठी मोलाच्या.
किल्ली माझ्याकडे.

शनिवारी शनिवारी मी पेटी उघडायचो.
एकदा एसटीचं तिकीट.
एकदा पालीचं अंडं.
आणि मे महिन्यात, रबराचा हातमोजा,
पाची बोटांची टोकं कात्रीने उडवलेली.

मी लिहिलं : कंपनीच्या मालमत्तेची नासधूस.
नोटीस लावली. माणशी वीस रुपये कापले.
कुणी काही बोललं नाही.
मी त्याला शिस्त समजलो.

पगाराच्या दिवशी उभादांड्याची फिलू फर्नांडिस
सही करायला वाकली, आणि केली नाही.
तिने आपला पंजा माझ्या टेबलावर उताणा ठेवला,
त्याच्यावर तो मोजा,
जसा एखादा कागद समोर सरकवावा.
"बघा," ती म्हणाली,
"आमची बोटां हंयसर सोंपतत."

जिथे कात्री चालली होती, बरोबर तिथे.

मोजे पुरुषांच्या मापाचे. मागणीपत्रावर सही माझी.
बोटांपुढे इंचभर रिकामं रबर,
त्यात बी कशी धरणार, गर अख्खा कसा राहणार?
म्हणून त्या उघड्या हातांनी बसायच्या,
आणि मी महिन्याच्या अहवालात लिहायचो :
सुरक्षासाधने पुरवली, वापर नाही.
"सांगायचंत ना," मी म्हणालो.
"लिवन धाडलेला," फिलू म्हणाली. "तुमी वाचूक नाय."

त्या दुपारी हजेरीबुकाची मागची पानं उलटवली.
एकेकीचा पंजा पानावर, भोवती माझी पेन्सिल.
शेवंतीचा लहान मुलाएवढा.
जयवंतीची करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली,
लहानपणी कोयतीने, ती म्हणाली.
अकरा वर्षं मी तिची हजेरी मांडत होतो.
पेन्सिल बोटांच्या बेचक्यात गेली की
त्यांना गुदगुल्या व्हायच्या.
मला लाज वाटत होती, आणि बरंही.

कोल्हापूरहून मोजे आले, दोन मापांत.
कापलेले वीस रुपये परत मिळाले.
किलोच्या दरावर शेठ म्हणाले, बघू.
अजून बघतायत.
यंत्र अजून रोज पुन्हा प्रयत्न करायला सांगतं;
मी नावं हाताने लिहितो,
आणि लिहिताना मान वर करतो.

काल शनिवार. पेटीत सुतळीचा एक तुकडा,
दोन्ही टोकांना गाठ.

नोटीस नाही लिहिली.
सुतळी घेऊन कटिंगच्या शेडमध्ये गेलो.
एकोणतीस पाय थांबले.
वाफेत चष्मा धुरकटला, तो काढून
मी विचारलं :
ह्याने काय मोजलंत?

फिलूने मोज्यातलं बोट बसायच्या फळीकडे नेलं,
मग स्वतःच्या गुडघ्याकडे.
"बसा," ती म्हणाली. "हंयसर बसा वायच."
मी बसलो.