निळं पिंप

यंत्र करकरतंय ते ऐक, वब्रिया.
दाराशी थोडं,
चुलीपाशी जरा जास्त,
आणि त्या निळ्या पिंपाजवळ नेलं
की रातकिड्यांचं अख्खं रान अंगावर येतं.

"पाणी तर स्वच्छ आहे," ती म्हणते.
तीनदा विसळलंय, राखेनं घासलंय.
आतली पिवळी पूड
मिझहिरनं कालव्याच्या कडेला ओतली,
कसलं तरी खत असेल म्हणून.
तिथं टोमॅटो लावलेत.

जुनं एक द्या, नवी दोन घ्या,
दारोदार एवढंच बोलत फिरतोय मी.
तेवीस वर्षं तुवैथाच्या कोठारात
याच पिंपांचा हिशेब ठेवला:
क्रमांक, वजन, शिक्का, सही.
एक किलो इकडचा तिकडे झाला नाही.
मग ते आले,
शस्त्र शोधायला, शस्त्र असण्याच्या आधी,
आणि कोठाराला कुलूप घालणं
कुणाच्याच यादीत नव्हतं.

वब्रियाची सासू झावळ्यांचा झाडू बांधतेय.
बोटांनीच बघते आता.
"त्या रविवारी पण असेच आले होते.
मावळतीला. आठ विमानं, इतकी खालून
की म्हशी दावी तोडून नदीत शिरल्या.
मी मोजली. तेव्हा दिसायचं मला."

मीही होतो तेव्हा, नवा कारकून, मिशी नुकती जाड झालेली.
उकडलेल्या अंड्याचं टरफल चेपावं
तसा घुमट आत बसला.
उद्याचं संकट आज मारलं, असं ते म्हणाले.
खरं सांगू?
त्या दिवसापर्यंत आम्ही थोडेच होतो,
दुपारी पत्ते खेळायचो.
नंतर भिंती जाड झाल्या, माणसं दसपट,
आणि मोठ्यानं कुणी बोलेनासं झालं.
साप साप म्हणून भुई धोपटली त्यांनी.
साप होता का, मला आजही ठाऊक नाही,
मी फक्त वजनं लिहायचो.
वारुळं मात्र त्यानंतर उठली,
आमच्याकडे, आणि शेजाऱ्यांकडेही.

इब्तिहाल न्हाऊन आलीय, केस ओले.
मी यंत्राचा आवाज बंद करतो
आणि तिच्या डोक्यावरून फिरवतो.
काटा एकट्यानं वाचतो.
वहीत रकाना नाही यासाठी.

वब्रिया नव्या पिंपात डोकं घालून वास घेते.
"यात आधी काय होतं?"
काही नाही. कोरं आहे.
"तुमच्या त्यावरही काही लिहिलं नव्हतं."
लिहिलं होतं, मी म्हणत नाही,
माझ्याच अक्षरात, इंग्रजीत.

मग ती जुन्या पिंपाचं झाकण काढते.
काठोकाठ भरलेलं. आत आभाळ, आणि तिचा चेहरा.
"हे पाणी कुठं ओतू?"

नदी आहे. शेत आहे. रस्ता आहे.
मी तिन्हीकडे बघतो.

तोवर ती वाफ्यात जाऊन येते,
ओढणीच्या टोकात चार टोमॅटो,
उन्हानं गरम.
"लांबून आलात, न्या."
आणि मी दोन्ही हात पुढे करतो,
पाहुण्यानं करावेत तसे.