दाराच्या चौकटीतला कागद

नारिनला ऑक्टोबरातच बादलीतलं पाणी थिजतं.
मी बुरुलचा. बाजारामागे कोट शिवते
आणि रविवारी दोलोनची खिंड ओलांडून
कोचकोरला माल पोचवते.
गाडी जुनी, जपानात वापरून झालेली.
स्टिअरिंग उजवीकडे, आमचा रस्ताही उजव्या बाजूचा,
म्हणजे पुढे जायचं तर शेजारी बसलेल्याला विचारायचं :
येतंय का कोणी समोरून?
शेजारी कोणी नसेल
तर कोळशाच्या ट्रकमागे निमूट चालत राहायचं.

"घेतलीस ना गाडी," तोक्तोसुन म्हणाला,
"आता रोज दोन मिनिटं तिच्याकडे बघ."
बघणं मला नवं नाही.
शिलाई मशीनला दर शनिवारी तेल घालते,
बॉबिनखालची लव ब्रशने काढते,
टाका उसवायच्या आधी आवाज बदलतो
हे माझे कान जाणतात.

तर इंजिन गार, गाडी सपाटीवर.
पट्टी ओढायची, चिंधीने पुसायची,
परत खाली घालायची, परत ओढायची.
पहिल्यांदा निघते ती खोटं बोलते,
दुसऱ्यांदा खरं.
तेल दोन खुणांच्या मध्ये हवं,
बाहीसारखं, बोटभर इकडेतिकडे चालतं,
पण खालच्या खुणेच्या खाली
अजिबात नाही.

टायरमधली हवा थंडीने आकसते,
गरम पाण्यात पडलेल्या लोकरीसारखी.
बॅटरीच्या टोकांवर पांढरं पीठ चढतं,
ते सोड्याच्या पाण्याने, जुन्या टूथब्रशने घासायचं.
वायपर रात्री उभे करून ठेवायचे.
सकाळी गाडी दोन्ही हात वर करून उभी दिसते,
शेजारची पोरं तिला
"पकडली, पकडली!" म्हणून चिडवतात.

दार उघडलं की चौकटीत एक कागद चिकटवलेला.
आकडे मला कळतात : इतक्या किलोमीटरला तेल,
इतक्याला फिल्टर.
पण सगळ्यात खाली कोणीतरी पेनाने
एक ओळ लिहिलेली, घाईघाईने,
शेवटचं अक्षर कागदाबाहेर पत्र्यावर गेलेलं.
वर्षभर मला वाटायचं, आशीर्वाद असेल.

ओसाकात तीन वर्षं राहून आलेली आयपेरी
कोटाचं माप द्यायला आली, तिला दाखवली.
ती वाकली, हसली नाही.
"पुढचे ब्रेक पॅड, तीन मिलिमीटर.
पुढच्या वेळी बदलू."

खिंड उतरताना एक बारीक किंकाळी यायची,
मी समजत होते, थंडी आहे.

तोक्तोसुनने चाक काढलं.
माझ्या मेजावर झिजून झिजून
चिमटीत न मावणारी खडूची चपटी वडी असते,
तेवढाच उरला होता पॅड.
त्याने तो माझ्या तळव्यावर ठेवला
आणि बराच वेळ नुसता पाना पुसत बसला.

कोण होता तो लिहिणारा?
गाडी विकली गेली, लिलावात उभी राहिली,
जहाजावर चढली, कुठल्या कुठल्या नाक्यांवर अडली,
आणि त्याची पुढची वेळ
माझ्या अंगणात, बर्फात, गुडघे टेकून
तोक्तोसुनच्या हातांनी आली.

त्या ओळीखाली जागा नव्हती.
शेजारी नवा कागद चिकटवला,
माझ्या अक्षरात लिहिलं : बदलले.
तारीख. किलोमीटर.
तोक्तोसुनचं नाव.

स्टेपनीतली हवा मात्र
अजून बघायची राहिली आहे.
तेही लिहून ठेवलं.